न उडालेल्या विमानांचा इतिहास

१

मराठीत 'विडंबन' म्हटले की प्रथम आठवते ते काव्यविडंबन. केशवकुमारांच्या 'झेंडूची फुले' (१९२५) या संग्रहाने या प्रकाराला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, तिचाच हा परिणाम म्हणता येईल. पण या प्रतिष्ठेची एक मर्यादाही आहे. विडंबनाची आपली चर्चा कवीची लकब, वृत्ताची ओढाताण, प्रतिमांचा सोस, भावनेचा भाबडेपणा यांच्याभोवतीच बहुधा फिरत राहिली. ज्या लेखनाला स्वतःची शैली आहे असे कोणी मानतच नाही, त्या लेखनाचे विडंबन कसे होते, हा प्रश्न मागे पडला. कोशातील नोंद, सरकारी अहवाल, सैन्यदलाचा अधिकृत इतिहास, एखाद्या यंत्राचे तपशीलवार वर्णन अशा लेखनाकडे आपण 'माहिती' म्हणून पाहतो, वाङ्मय म्हणून नव्हे. त्यामुळे त्याच्या भाषेत काय दडलेले असते, हे तपासण्याची गरजही आपल्याला वाटत नाही.

प्रस्तुत लेखात एका लहानशा आणि काहीशा विक्षिप्त वाङ्मयप्रकाराच्या आधारे या प्रश्नाकडे पाहावयाचे आहे. हा प्रकार म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील, पण प्रत्यक्षात कधीच अस्तित्वात नसलेल्या बाँबफेकी विमानांचे विनोदी 'इतिहास'. वरवर पाहता ही निव्वळ करमणूक आहे. परंतु खोटा इतिहास गंभीर चेहऱ्याने सांगितला जातो तेव्हा वाचक नेमका कशाला हसतो, आणि तोच खोटा इतिहास हसू न येता खरा कधी मानला जातो, हे दोन प्रश्न या प्रकारात एकमेकांना अगदी लागून उभे आहेत.

२

या प्रकाराचा उत्तम नमुना म्हणजे १९७१ साली 'प्लेबॉय' या अमेरिकन मासिकात प्रसिद्ध झालेला, मेजर हाउडी बिक्स्बी नावाच्या काल्पनिक गृहस्थाचा 'विस्मृत युद्धविमानांचा चित्रसंग्रह'. त्याचे कर्ते दोन: चित्रकार-लेखक ब्रूस मॅक्कॉल (१९३५–२०२३) आणि मोटारींविषयी लिहिणारे पत्रकार ब्रॉक येट्स. मॅक्कॉल मूळचे कॅनडाचे. उमेदीची बरीच वर्षे त्यांनी जाहिरातींच्या व्यवसायात घालवली. पुढे ते 'नॅशनल लँपून' आणि 'द न्यूयॉर्कर' या नियतकालिकांतून लिहीत आणि चित्रे काढीत राहिले. 'झेनी आफ्टरनून्स' (१९८२) हा त्यांचा संग्रह प्रसिद्ध आहे. यंत्राचे गुणगान करणाऱ्या भाषेशी आलेला हा व्यावसायिक परिचय त्यांच्या विनोदाच्या मुळाशी आहे. वस्तू विकण्यासाठी जी भाषा त्यांनी कमावली, तीच ते न विकता येणाऱ्या वस्तूंसाठी वापरतात.

या संग्रहाच्या शीर्षकातील 'विस्मृत' हा शब्द विचारात घेण्याजोगा आहे. विस्मृतीत गेलेले उजेडात आणणे हे इतिहासकाराचे एक मान्य कर्तव्य आहे. किंबहुना त्याच्या नैतिक अधिकाराचा तो आधार आहे. मॅक्कॉल आणि येट्स हाच अधिकार उसना घेतात. विमान कोणाला ठाऊक नाही, कारण ते विस्मृत आहे. आणि ते विस्मृत आहे, म्हणूनच त्याचा इतिहास लिहिणे आवश्यक आहे. पुराव्याचा अभाव हाच येथे पुरावा होतो. हा युक्तिवाद विनोदी लेखनात आपल्याला गंमतीचा वाटतो. पुढे तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे, आणि तेव्हा त्याचा चेहरा हसरा असणार नाही.

या विमानांची नावे पाहावीत. एका ब्रिटिश विमानाचे नाव 'हम्बली-पज गॅलिपोली'. हँडली पेज या खऱ्या कंपनीच्या नावाचा ध्वनी त्यात ऐकू येतो. ब्रिटिशांनी आपल्या बाँबफेकी विमानांना 'लँकेस्टर', 'हॅलिफॅक्स', 'स्टर्लिंग' अशी स्थलनामे दिली होती. त्या संकेताला धरूनच हे नाव ठेवले आहे. फक्त निवडलेले स्थळ १९१५ साली सुरू झालेल्या आणि ब्रिटिशांच्या नामुष्कीत संपलेल्या मोहिमेचे आहे. विमानाचा वर्गही 'जड' नव्हे, तर 'जडसर' बाँबफेकी असा सांगितला जातो. दुसरे एक विमान जपानी आहे. ते जमिनीवर आणि पाण्यावर उतरणारे असून पायट्याने, म्हणजे सायकलीप्रमाणे पॅडल मारून चालवायचे आहे. संकेत तंतोतंत पाळायचा आणि त्यात एकच दाणा खडा म्हणून टाकायचा, अशी ही पद्धती आहे. चित्रांच्या बाबतीतही हेच घडते. मॅक्कॉल यांची रंगरचना आणि प्रकाशाची योजना तीस-चाळीसच्या दशकांतील सचित्र मासिकांचीच आहे. यंत्र अशक्य असते. चित्र मात्र त्याच्या भव्यतेविषयी निःशंक असते.

या विनोदाची एक उणीव येथेच नोंदवणे योग्य ठरेल. त्यातील राष्ट्रे ही साच्यातून काढलेली आहेत. ब्रिटिश म्हणजे गबाळे, जपानी म्हणजे स्वस्त आणि हास्यास्पद, ही युद्धकालीन प्रचाराने रुजवलेली चित्रे त्यात तशीच वापरली जातात. जपानी विमानाचे 'काकाका' हे नाव तर केवळ परक्या भाषेच्या ध्वनीची चेष्टा आहे. माहितीच्या भाषेची चिकित्सा करणारा हा विनोद प्रचाराच्या भाषेपुढे मात्र हात टेकतो, असे म्हणावे लागते.

३

ज्या लेखनप्रकाराचे हे विडंबन आहे, त्याचा इतिहासही मनोरंजक आहे. विमानांच्या संदर्भग्रंथांचे आदर्श रूप इंग्लंडच्या फ्रेड टी. जेन (१८६५–१९१६) यांनी घडवले. जगातील युद्धनौकांचा त्यांचा कोश १८९८ साली निघाला आणि आकाशयानांचा १९०९ साली. आजही त्यांच्या नावाने ओळखली जाणारी ही ग्रंथमालिका अचूकतेचे प्रतीक मानली जाते. पण हेच जेन त्याआधी कल्पित युद्धांचे चित्रकार होते. जॉर्ज ग्रिफिथ यांच्या 'द एंजल ऑफ द रेव्होल्यूशन' (१८९३) या आकाशयुद्धाच्या कादंबरीसाठी त्यांनी चित्रे काढली होती, आणि १८९७ साली त्यांनी स्वतः 'टू व्हीनस इन फाइव्ह सेकंड्स' ही तत्कालीन विज्ञानरम्य कथांची थट्टा करणारी कादंबरीही लिहिली होती. म्हणजे विमानांची कोशनोंद आणि विमानांची कपोलकल्पना एकाच लेखणीतून उतरल्या. विडंबनकाराने कोशावर बाहेरून हल्ला केला असे समजण्यापेक्षा, त्याने कोशाला त्याच्या जुन्या नात्याची आठवण करून दिली असे म्हणणे अधिक योग्य.

या कोशनोंदीचा घाट कसा असतो? आरंभी नाव आणि प्रयोजन, मग इंजिनांची संख्या, पंखांचा विस्तार, चालकवर्ग, शस्त्रसामग्री. नंतर पहिल्या उड्डाणाची तारीख. आणि शेवटी एक वाक्य, ज्यात त्या यंत्राचे भवितव्य उरकलेले असते. 'प्रकल्प पुढे नेण्यात आला नाही' अशा धाटणीच्या या वाक्याचा कर्मणी प्रयोग विशेष बोलका आहे. कोणी नेला नाही? का नेला नाही? त्यात कोण मेले, कोणाची नोकरी गेली, कोणाचे पैसे बुडाले? वाक्याला कर्ता नाही, म्हणून दोषही नाही. आपल्याकडील शासकीय मराठीला हा प्रयोग परका नाही, हे कोणत्याही परिपत्रकाच्या वाचकाला सांगावयास नको. विडंबन-इतिहास नेमका या वाक्यावर बोट ठेवतो. त्यातील विमान कितीही मूर्खपणाचे असो, त्याच्या शेवटी तेच शांत, सभ्य, कर्तृहीन वाक्य येते. आपण हसतो ते विमानाला, असे आपल्याला वाटते. वस्तुतः कोणत्याही मूर्खपणाला पचवून टाकणाऱ्या या वाक्याला आपण हसत असतो.

४

हे विधान पडताळून पाहण्याचा एक मार्ग आहे. खऱ्या इतिहासातील काही विमाने या कल्पित विमानांशेजारी ठेवून पाहावीत.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस बर्लिनपर्यंत जाऊन बाँब टाकणारे एक विमान ब्रिटनमध्ये बांधावयास घेण्यात आले. बांधणारे डब्ल्यू. जी. टॅरंट हे इमारतींचे कंत्राटदार होते. 'टॅरंट टेबॉर' या नावाच्या या विमानाला एकावर एक असे तीन पंख, सहा इंजिने आणि सुमारे ४० मीटरचा विस्तार होता. चार इंजिने खालच्या दोन पंखांच्या मधल्या जागेत आणि उरलेली दोन त्यांच्याही वर, असा तो संभार होता. विमान पूर्ण होण्यापूर्वी युद्धच संपले. तरीही २६ मे १९१९ रोजी फार्नबरो येथे त्याची चाचणी घेण्यात आली. धावपट्टीवर वेग घेतल्यावर वरची दोन इंजिने पूर्ण जोराने सुरू करताच विमान पुढे कलंडले आणि त्याचे नाक जमिनीत रुतले. कॅप्टन डन आणि कॅप्टन रॉलिंग्ज हे दोन वैमानिक त्यात मरण पावले. टेबॉर जमिनीवरून उठलेच नाही.

या विमानाचे आराखडाकार वॉल्टर बार्लिंग पुढे अमेरिकेत गेले आणि तेथील सैन्यदलासाठी त्यांनी पुन्हा तीन पंखांचे आणि सहा इंजिनांचेच विमान आखले. हे 'बार्लिंग बाँबर' १९२३ साली उडाले खरे. पण डेटनहून वॉशिंग्टनकडे जाताना त्याला ॲपलेशियन पर्वतरांग ओलांडता येईना. पाच लाखांहून अधिक डॉलर खर्चून बांधलेले हे यंत्र १९३० साली जाळून टाकण्यात आले. मॅक्कॉल यांनी हे कल्पिले असते तर चोखंदळ वाचकाने 'येथे जरा अतिरेक झाला' असे म्हटले असते.

तिसरे उदाहरण विमानाचे नसून बाँबचे आहे, पण त्याची जात तीच आहे. लिटल ॲडम्स या अमेरिकन दंतवैद्याने १९४२ च्या आरंभी अशी सूचना केली की, वटवाघळांच्या अंगावर लहान आगलावी स्फोटके बांधून ती जपानी शहरांवर सोडावीत. ती लाकडी घरांच्या आढ्यांत शिरतील आणि शहरे पेटतील. ही सूचना थेट राष्ट्राध्यक्षांपर्यंत गेली, गंभीरपणे घेतली गेली आणि तिच्यावर सुमारे २० लाख डॉलर खर्च झाले. मे १९४३ मध्ये न्यू मेक्सिकोतील कार्ल्सबाड येथे चाचणीच्या वेळी काही सशस्त्र वटवाघळे निसटली आणि त्यांनी सैन्याचाच नवा कोरा विमानतळ पेटवून दिला. १९४४ साली हा प्रकल्प पुढे न नेण्याचे ठरवण्यात आले.

याच्या उलटही उदाहरण आहे. टीबी-३ या अवजड सोव्हिएत बाँबफेकी विमानाच्या पंखांखाली लहान लढाऊ विमाने टांगून ती हवेतच सोडायची, अशी 'झ्वेनो' नावाची योजना तीसच्या दशकात आखली गेली. कागदावर ती कोणत्याही विडंबनाइतकी हास्यास्पद दिसते. परंतु ऑगस्ट १९४१ मध्ये रुमानियातील चेर्नावोडा येथील डॅन्यूबवरच्या पुलावर अशाच पद्धतीने नेलेल्या विमानांनी यशस्वी हल्ला केला. म्हणजे हास्यास्पद दिसणे हे असत्याचे लक्षण नाही, आणि अपयशाचेही नाही.

५

ही उदाहरणे आपल्याला एका अडचणीच्या ठिकाणी आणून सोडतात. टेबॉरची आणि 'गॅलिपोली'ची नोंद नावे झाकून शेजारी ठेवली, तर केवळ आशयाच्या विसंगतीवरून खरी कोणती ते सांगता येणार नाही. भाषा एक, घाट एक, मूर्खपणाची मात्राही जवळजवळ एक. मग फरक कुठे आहे?

हेडन व्हाइट यांच्या 'मेटाहिस्टरी' (१९७३) या ग्रंथापासून इतिहासलेखन आणि कथात्म साहित्य यांच्यातील रचनेचे साम्य हा समीक्षेत नेहमीच्या चर्चेचा विषय झाला आहे. घटनांना अर्थ येतो तो त्यांच्या सांगण्याच्या रूपातून, हे त्यांचे प्रतिपादन बहुतांशी मान्य करावे लागते. मात्र त्यावरून काही मंडळी 'इतिहास म्हणजे एक कथाच' अशा सोप्या निष्कर्षावर येतात, तेव्हा विडंबन-इतिहासाचा नमुना त्यांच्याविरुद्ध साक्ष देतो. रूप सर्वस्वी सारखे असूनही टेबॉरच्या नोंदीतील दोन माणसे मेली आहेत आणि 'गॅलिपोली'च्या नोंदीत कोणीही मेलेले नाही. रूपाच्या साम्यामुळे हा फरक पुसला जात नाही. उलट, फरक रूपात नसल्यामुळे तो अन्यत्र शोधण्याची जबाबदारी वाचकावर येते.

लिंडा हचन यांनी 'अ थिअरी ऑफ पॅरडी' (१९८५) मध्ये विडंबनाची व्याख्या करताना पुनरावृत्तीइतकेच महत्त्व चिकित्सक अंतराला दिले आहे. या अंतराची संहितेत काहीतरी खूण असावी लागते. मॅक्कॉल यांच्या लेखनात ती खूण म्हणजे 'हम्बली-पज', 'काकाका', 'जडसर'. ही नावे ओबडधोबड आहेत, क्वचित बालिशही आहेत. पण ती प्रामाणिक आहेत. ती वाचकाला सांगतात की हे खोटे आहे, हे मला ठाऊक आहे, आणि हे तुलाही ठाऊक असावे अशी माझी इच्छा आहे. विडंबनकार आणि वाचक यांच्यातील करार या खुणेवर उभा असतो. विडंबन-इतिहास आणि बनावट इतिहास यांतील सीमारेषा आशयात नाही, शैलीत नाही. ती या खुणेत आहे.

६

ही खूण गळून पडली तर काय होते, याचे उदाहरण पुन्हा विमानांच्याच क्षेत्रात सापडते. युक्रेनमधील खार्किव येथे कॉन्स्टंटिन कालिनिन यांनी बांधलेले 'के-७' हे सात इंजिनांचे, ५३ मीटर विस्ताराचे विमान १९३३ साली उडाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोसळून त्यातील माणसे मृत्युमुखी पडली. संगणकाच्या युगात या विमानाची काही चित्रे जगभर पसरली. त्यांत ते तोफांचे मनोरे आणि पंख्यांच्या रांगा लावलेला एक उडता किल्ला झाले आहे. खऱ्या विमानाशी या चित्रांचा संबंध नावापुरताच. करणाऱ्याने ती कदाचित गंमत म्हणूनच केली असतील. पण हातोहात फिरताना त्यांच्यावरची खूण हरवली, आणि अनेकांनी ती जुनी छायाचित्रे म्हणून स्वीकारली. या भव्य खोटेपणाखाली जे झाकले गेले ते खऱ्या इतिहासाचे करुण टोक. कालिनिन यांना स्टालिनच्या राजवटीत अटक झाली आणि १९३८ साली त्यांना ठार करण्यात आले. त्यांच्या यंत्राचे कौतुक करणाऱ्या चित्रांत त्यांना जागा नाही.

येथे आपल्या जवळचे एक उदाहरण टाळता येत नाही. मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडवले, ही कथा मराठी वाचकाला परिचित आहे. तळपदे (१८६४–१९१६) ही व्यक्ती खरी, त्यांची विमानविषयक आस्थाही खरी. त्या उड्डाणाचा तपासता येईल असा समकालीन पुरावा मात्र पुढे आलेला नाही. या कथेला ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाची जोड दिली जाते, तो पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात सांगून लिहवला आणि त्याची चित्रे १९२३ साली बंगळूरमध्ये काढली गेली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली या ग्रंथाची चिकित्सा करून तो १९०४ पूर्वीचा असू शकत नाही आणि त्यातील याने उडणे शक्य नाही, असा निष्कर्ष प्रसिद्ध केला. तरीही जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या विज्ञान परिषदेत प्राचीन भारतीय विमानविद्येवर निबंध वाचला गेला.

मॅक्कॉल यांच्या संग्रहात भेटलेला युक्तिवाद येथे परत येतो: पुरावा नाही, कारण ते विस्मृत झाले, विस्मृत झाले, म्हणून ते सांगणे आपले कर्तव्य. भाषेचे साहित्यही तेच आहे: धातूंची नावे, मापे, यंत्रभागांची यादी, गंभीर रेखाचित्रे. पण येथे खूण नाही, आणि म्हणून करारही नाही. वाचकाने हसायचे की मान डोलवायची, हे संहिता सांगत नाही. हसणाऱ्याला मात्र अपराधी ठरवले जाते. तळपद्यांच्या खऱ्या, धडपडत्या जीवनाविषयीची उत्सुकताही या आख्यायिकेखाली दबून गेली आहे, हा त्यातला अधिक दुःखद भाग. एका जिज्ञासू माणसाने काय करून पाहिले, हा प्रश्न विचारण्याऐवजी आपण त्याच्याकडून फक्त विजय मागतो.

७

विडंबन-इतिहासाची बाजू इतकी मांडल्यावर त्याला एक प्रश्न विचारणे प्राप्त आहे. बाँबफेकी विमान हे शहरांवर आग टाकण्याचे साधन आहे. ब्रिटिश बाँबर कमांडचे ५५,५७३ वैमानिक व सहकारी दुसऱ्या महायुद्धात मृत्यू पावले. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेन शहरात सुमारे २५ हजार, आणि ९-१० मार्च १९४५ च्या एका रात्रीत टोकियोत सुमारे एक लाख माणसे मेली. मॅक्कॉल यांच्या आकाशात यांपैकी काहीच नाही. त्यांची विमाने लक्ष्यापर्यंत पोहोचतच नाहीत, आणि म्हणूनच ती गोड वाटतात.

याच काळातील दोन कादंबऱ्यांशी तुलना केली की हे अधिक स्पष्ट होते. इटलीवर बाँबफेकी विमानातून प्रत्यक्ष उड्डाणे केलेल्या जोसेफ हेलर यांची 'कॅच-२२' १९६१ साली आली. ड्रेस्डेनमध्ये युद्धकैदी म्हणून आगीच्या खाली सापडलेल्या कर्ट व्हॉनेगट यांची 'स्लॉटरहाउस-फाइव्ह' १९६९ साली. पहिली विमानाच्या आतून पाहते, दुसरी विमानाच्या खालून. दोन्हींत विनोद आहे आणि दोन्हींत प्रेते आहेत. १९७१ चा चित्रसंग्रह कोशाच्या पानावरून पाहतो, आणि कोशाच्या पानावर प्रेते नसतात.

ही त्याची उणीव म्हणावी काय? प्रस्तुत लेखकाला वाटते, ती उणीव आहे. पण ती त्याने शोधून काढलेली नाही, मूळ प्रकाराकडून जशीच्या तशी घेतलेली आहे. खऱ्या कोशनोंदीतही पंखांचा विस्तार असतो, खालचे शहर नसते. विडंबनाने ही अनुपस्थितीसुद्धा इतकी हुबेहूब उतरवली आहे की, हसू ओसरल्यावर ती डोळ्यांत भरते. टेबॉरच्या हकिकतीत डन आणि रॉलिंग्ज यांची नावे आपल्याला मिळाली, कारण ते कॅप्टन होते. वटवाघळांच्या योजनेत ज्या घरांची आढी पेटवायची होती, त्या घरांत राहणाऱ्यांचा उल्लेख केवळ 'लाकडी घरे' असा होतो. आणि वरच्या परिच्छेदांत प्रस्तुत लेखकानेही तो तसाच केला आहे. वाचताना तो खटकला नसेल, तर कोशाची भाषा आपल्या कानाला किती सवयीची झाली आहे, हे त्यावरून समजावे.